मुलांशिवाय महाबळेश्वर : मोठ्यांच्या शनिवार-रविवारची आखणी

महाबळेश्वर हे मुलाबाळांना घेऊन जाण्याचे ठिकाण आहे आणि गावाची सारी मांडणी त्याच दृष्टीने झालेली आहे. वेण्णा तलावातल्या नावा, काठावरचे घोडे, बाजारपेठेतली चिक्की आणि खेळणी, उंच ग्लासातली स्ट्रॉबेरी-क्रीम हे सगळे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचे दोन दिवस आनंदात जावेत यासाठी आहे, आणि ते काम हे गाव फार चांगले करते. मात्र मुले शिकायला बाहेरगावी गेलेली जोडपी, वर्षानुवर्षे भेट लांबणीवर टाकणारे मित्र किंवा संसारातून दोन दिवस काढून एकत्र येणाऱ्या बहिणी-बहिणी जेव्हा इथे येतात, तेव्हा तीही मंडळी नकळत तीच फेरी मारतात. सकाळी दहाला टॅक्सीत बसणे, दिवसभरात डझनभर पॉइंट उरकणे, चारला वेण्णा तलाव, सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट आणि आठ वाजता बाजारपेठेतली गर्दी, असा तो क्रम असतो. मग परतताना ‘महाबळेश्वर आता पूर्वीचे राहिले नाही’ अशी तक्रार ऐकू येते.

माझे मत असे आहे की गावाचा दोष फार थोडा असतो. आपण दुसऱ्याच्या वेळापत्रकाने फिरलेलो असतो. लहान मुले बरोबर असलेले कुटुंब सकाळी नऊ-साडेनऊच्या आधी नाश्त्याला येत नाही आणि दहा-साडेदहाच्या आधी बाहेर पडत नाही. त्यामुळे उजाडल्यापासून दहा वाजेपर्यंत डोंगरमाथा जवळजवळ मोकळा असतो. दुपारी एक ते चार या वेळेत मंडळी जेवणात आणि गाडीत अडकलेली असतात, आणि सूर्य बुडाल्यावर पाच मिनिटांत कडे रिकामे होतात. मोठ्यांनी आपली सहल या मोकळ्या वेळांवर बेतावी. पुढचा सगळा सल्ला त्याच अनुषंगाने दिलेला आहे.

दिवस निवडताना

तारीख ठरवण्यापूर्वी शाळांचे वेळापत्रक पाहावे. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष हा आठवडा, एप्रिलच्या मध्यापासून पूर्ण मे महिना आणि शुक्रवारी किंवा सोमवारी सुट्टी जोडून आलेले शनिवार-रविवार, एवढे दिवस मोठ्यांनी सरळ सोडून द्यावेत, कारण त्या काळात खोलीचे भाडे दुप्पट-तिप्पट होते आणि पाचगणी ते महाबळेश्वर हे वीस किलोमीटरांहूनही कमी अंतर कापायला दोन तास लागू शकतात.

मला सर्वांत योग्य वाटणारा काळ म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. स्ट्रॉबेरी भरात असते, दुपारचे ऊन हवेहवेसे वाटते, रात्री दोन पांघरुणे लागतात, आणि वार्षिक परीक्षा जवळ आल्यामुळे शाळकरी मुलांची कुटुंबे घरीच असतात. दुसरा चांगला काळ दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा नोव्हेंबर. पावसाने धुतलेली हवा तेव्हा इतकी स्वच्छ असते की केट्स पॉइंटवरून धोम धरणाच्या पाण्याचा काठ रेघ मारल्यासारखा दिसतो, आणि लिंगमळा धबधब्याला अजून पुरेसे पाणी असते.

पावसाळ्याबद्दल मात्र स्पष्ट कल्पना असावी. इथे वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलैत पॉइंटवर गेलात तर समोर पांढऱ्या धुक्याची भिंत दिसेल, दुसरे काही नाही. तरीही ज्यांना व्हरांड्यात बसून पत्र्यावरचा पाऊस ऐकायचा आहे, पुस्तक वाचायचे आहे आणि दोन दिवस कुठेही जायचे नाही, त्यांनी जुलै जरूर निवडावा. तेव्हा खोल्याही स्वस्त मिळतात. फक्त दरड कोसळण्याच्या बातम्या आणि हवामान खात्याचे इशारे पाहूनच निघावे. पोलादपूरकडून येणारा आंबेनळी घाट अतिवृष्टीत बंद होतो, हे मुंबईच्या मंडळींनी विशेष लक्षात ठेवावे. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस उघडीप देऊ लागतो आणि कास पठारावर फुले येतात. पण कास हा वेगळ्या दिवसाचा विषय आहे, त्याला या दोन दिवसांत कोंबू नये.

शक्य असेल तर शनिवारची रात्रच टाळावी. नोकरीतून सोमवारची रजा मिळत असेल तर रविवारी दुपारी चढावे आणि मंगळवारी सकाळी उतरावे. गर्दी खाली येत असताना तुम्ही वर जाता आणि त्याच खोलीसाठी बरेच कमी पैसे देता. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी पुढचा आराखडा शनिवार-रविवारचाच धरला आहे.

खोली घेण्यापूर्वी

आखणीत सर्वाधिक वेळ राहण्याच्या जागेवर खर्च करावा, कारण मोठ्यांच्या सहलीत खोली ही नुसती झोपायची जागा नसते. दुपारच्या गप्पा, वाचन, पत्त्यांचा डाव हे सगळे तिथेच व्हायचे असते. बाजारपेठेच्या लगत राहिले तर सगळे जवळ पडते, पण रात्री दहापर्यंत रहदारीचा आवाज येतो. बाजारापासून दीड-दोन किलोमीटर आत, झाडीत असलेली जागा मोठ्यांना अधिक मानवते. १८२९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा परिसर अदलाबदलीने मिळवला आणि थंड हवेचे ठाणे वसवले. त्यांच्या नावाची माल्कम पेठ हीच आजची बाजारपेठ. त्या काळानंतर उभे राहिलेले जांभ्या दगडाचे, रुंद व्हरांड्यांचे, पत्र्याच्या उतरत्या छपरांचे बंगले अजून गावात आहेत आणि त्यांपैकी काहींत राहण्याची सोय होते. तिथे लिफ्ट नसेल, न्हाणीघर जुन्या पद्धतीचे असेल, पण व्हरांडा असेल. चार-सहा मित्र एकत्र असतील तर मी मोठ्या हॉटेलातल्या तीन खोल्यांपेक्षा असा एक बंगला घेईन.

हॉटेल घ्यायचे असेल तर संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून थांबू नये. फोन करून बोलावे. मुलांची खेळण्याची जागा, पोहण्याचा तलाव आणि भोजनगृह कोणत्या बाजूला आहे ते विचारून त्याच्या विरुद्ध बाजूची, शक्यतो वरच्या मजल्यावरची खोली मागावी. शनिवारी रात्री हिरवळीवर ध्वनिक्षेपक लावून खेळ किंवा नाचगाणी असतात का, हे सरळ विचारावे. कुटुंबांसाठी ती मोठी सोय असते आणि तुमच्यासाठी अडचण. गरम पाणी सकाळी किती वाजल्यापासून मिळते हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सौरबंबावर चालणाऱ्या ठिकाणी धुक्याच्या दिवसांत पहाटे पाणी कोमटही नसते. पहाटे साडेपाचला चहा मिळेल का, निदान खोलीत किटली आहे का, हेही विचारून घ्यावे, कारण आपल्या सहलीचा पाया पहाटेवर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात जात असाल तर भिंतींना ओल आहे का, हे जरूर विचारा. दमेकऱ्यांना अशा खोलीत एक रात्रही काढवत नाही.

आणखी काही गोष्टी आधी स्पष्ट झालेल्या बऱ्या. महाबळेश्वरची बरीच हॉटेले पूर्ण शाकाहारी आहेत आणि काहींच्या आवारात मद्यपानाला परवानगी नसते. काही ठिकाणी केवळ पुरुषांच्या गटाला खोली देत नाहीत, आणि हे आगाऊ रक्कम भरल्यावर, दारात उभे असताना कळते. म्हणून किती जण आहोत, कोण आहोत, हे आधीच सांगावे आणि होकार लेखी घ्यावा. ओळखपत्र प्रत्येकाचे लागते, एकट्याच्या ओळखपत्रावर भागत नाही. चालक बरोबर असेल तर त्याच्या निजण्याची आणि जेवणाची सोय काय, हेही विचारणे आपले काम आहे; त्याला थंडीत गाडीत झोपवणे बरे नव्हे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने घाट उतरवायचा आहे.

पाचगणीत राहावे की महाबळेश्वरात, हा प्रश्न नेहमी येतो. पाचगणीची उंची थोडी कमी, हवा कोरडी, पाऊसही कमी. गुडघेदुखी किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांना ती अधिक सोयीची. पण ज्यांना जंगल आणि पहाटेचे कडे हवे आहेत त्यांनी महाबळेश्वरातच राहावे, कारण पाचगणीहून सूर्योदयाला विल्सन पॉइंट गाठायचा म्हणजे काळोखात गाडी चालवावी लागते. वाचनाची आवड असलेल्यांसाठी तिसरा पर्याय भिलारचा. मुख्य रस्त्यापासून थोडे आत असलेल्या या गावात ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले आणि घराघरांत, देवळांत, शाळेत मराठी पुस्तके वाचकांसाठी मांडली गेली. काही घरांत मुक्कामाची सोयही होते. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांकडे तोंड करून ओसरीवर वाचत बसणे हा मोठ्या माणसाच्या सुट्टीचा फार चांगला उपयोग आहे.

रस्ता आणि वेळ

पुण्याहून महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर आहे. सातारा महामार्गावर खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला वळायचे, वाईतून पसरणी घाट चढायचा, पाचगणीतून पुढे जायचे. मुंबईहून याच मार्गाने अंतर साधारण २६० किलोमीटर भरते. मुंबईकरांना गोवा महामार्गाने पोलादपूरवरून आंबेनळी घाटानेही येता येते. तो रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, पण झाडीतून जातो आणि पाचगणीकडची कोंडी पूर्ण चुकवतो. साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे येणारा तिसरा रस्ता पर्यटकांच्या फारसा लक्षात नसतो. ज्यांना स्वतः गाडी चालवायची नाही त्यांच्यासाठी पुण्याच्या स्वारगेटहून एसटी आहे, आणि गावात स्थानिक टॅक्सी संघटनेच्या ठरलेल्या दराच्या फेऱ्या मिळतात. फक्त ठरलेली फेरी न घेता ‘या दोनच ठिकाणी जायचे आहे आणि तिथे दीड तास थांबायचे आहे’ असे सांगून दर ठरवावा. बहुतेक चालक आनंदाने तयार होतात.

शनिवारी सकाळी निघायचे असेल तर पुणेकरांनी पाचलाच गाडी हलवावी. सातच्या सुमारास वाईत चहा होतो, आणि आठ-साडेआठला तुम्ही पसरणी घाट चढून पाचगणीच्या पुढे असता. कोंडी प्रामुख्याने दोन ठिकाणी होते, गुरेघरच्या फळबागा आणि विक्री-केंद्रांपाशी आणि गावाच्या तोंडाशी वेण्णा तलावाजवळ, आणि दोन्हीकडे ती दहानंतर वाढत जाते. हॉटेलची खोली दुपारी बारा-एकच्या आधी ताब्यात मिळत नाही, म्हणून पुष्कळ लोक उशिरा निघतात आणि कोंडीत सापडतात. त्यापेक्षा सामान गाडीतच ठेवावे आणि गावात शिरण्याआधीच केट्स पॉइंटचा फाटा धरावा. हा कडा पूर्वेकडे कृष्णेच्या खोऱ्यावर उघडतो. सकाळचे ऊन समोरून येते, खाली बलकवडी आणि धोम धरणांचे पाणी पसरलेले असते, आणि शेजारच्या नीडल होलमध्ये कड्याला पडलेले आरपार भोक तिरप्या उन्हात ठळक दिसते. दुपारी बारा वाजता हीच जागा निस्तेज वाटते, आणि नेमक्या त्याच वेळी टॅक्सीची फेरी लोकांना तिथे आणते. गावात शिरताना नगरपालिकेचा पर्यटक कर भरावा लागतो. सुटे पैसे हाताशी असावेत.

शनिवारचा उरलेला दिवस

खोली मिळाली की जेवावे आणि काही करू नये. हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो. कुटुंबाच्या सहलीत दुपार मोकळी सोडता येत नाही, कारण मुलांना काहीतरी हवे असते. मोठ्यांना ती मोकळी सोडता येते आणि तोच या सहलीचा मोठा लाभ आहे. गटातल्या एखाद्या उत्साही माणसाला स्वस्थ बसवत नाही, त्याने लिंगमळ्याच्या पायवाटेने खाली जाऊन यावे; बाकीच्यांना ओढू नये.

साडेचारच्या सुमारास पायी बॉम्बे पॉइंटकडे निघावे. बाजारपेठेपासून हे अंतर साधारण तीन किलोमीटर आहे आणि रस्ता जंगलातून जातो. इथली झाडे उंच नसतात. वाऱ्यामुळे आणि पातळ मातीमुळे जांभूळ, अंजनी, पिसा, गेळा, हिरडा ही झाडे बुटकी, वाकडीतिकडी वाढतात आणि त्यांच्या खोडांवर शेवाळ चढलेले असते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंजनीला येणारी निळी-जांभळी फुले फांद्यांना अगदी चिकटून येतात. ती गाडीतून दिसत नाहीत, चालणाऱ्यालाच दिसतात. शिपाई बुलबुल सतत बोलत असतो, आणि नशिबात असेल तर शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ ऐकू येते.

सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंटवर गर्दी असणारच, तिच्याबद्दल चडफडू नये. कणसे भाजली जात असतात, मुले फुगे मागत असतात, सगळे मोबाइल पश्चिमेकडे रोखलेले असतात. सूर्य टेकडीआड गेला की सगळे एकदम पाठ फिरवतात आणि गाड्यांकडे धावतात. तुम्ही तिथेच थांबा. आकाशाचा खरा रंग त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे चढत जातो, कोकणाकडच्या डोंगररांगा एकामागून एक निळ्या होत जातात, प्रतापगडाचा माथा ओळखू येतो आणि कड्यावर फार थोडी माणसे उरतात. पायी आल्यामुळे गाडी काढण्याची चिंता नसते. परतताना मात्र टॉर्च हवी, सगळ्यांनी एकत्र आणि डांबरी रस्त्यानेच यावे. या जंगलात गवे आहेत आणि तिन्हीसांजेला ते रस्त्यालगत येतात. गवा दिसला तर जवळ जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा, जागच्या जागी थांबावे आणि त्याला वाट द्यावी.

रात्रीचे जेवण मुक्कामीच घ्यावे. बाजारपेठ सात ते नऊ भरलेली असते. तिथे जायचेच असेल तर साडेनऊनंतर जावे, दुकाने आवरत असतात आणि दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

रविवारची पहाट

दोन दिवसांतली एकच गोष्ट निवडायची झाली तर मी रविवारची पहाट निवडेन. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट असेल तर वेण्णा तलावावर आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठतात. धक्क्याच्या फळ्यांवर, गवताच्या पात्यांवर, उघड्यावर ठेवलेल्या गाड्यांच्या टपांवर हिमकणांचा पांढरा थर दिसतो, आणि ऊन वर येताच तो नाहीसा होतो. आदल्या रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर ही शक्यता असते. मग सहाला तलावावर जावे. एरवी विल्सन पॉइंटला जावे. समुद्रसपाटीपासून १,४३९ मीटर उंचीचे हे महाबळेश्वरातले सर्वांत उंच ठिकाण आहे. जानेवारीत सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. त्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि कानटोपी विसरू नये.

तिथून थेट क्षेत्र महाबळेश्वर गाठावे. बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटरवर असलेले हे जुने गाव खऱ्या अर्थाने मूळ महाबळेश्वर, आणि इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे उगम मानले जातात. गोमुखातून पडणारे पाणी कुंडात येते आणि सकाळी साडेसातला तिथे पुजारी आणि गावकरी यांच्याखेरीज फारसे कोणी नसते. महाबळेश्वराचे दर्शन घेऊन झाले की बहुतेक लोक परत फिरतात. तुम्ही पुढे पायवाटेने कृष्णाबाईच्या देवळाकडे जावे. काळ्या दगडाचे, शेवाळलेले, गाजावाजा नसलेले हे देऊळ कड्याच्या कडेला आहे. समोरच्या कुंडात गोमुखातून पाणी पडत असते, कुंडाच्या कडेच्या पायऱ्या निसरड्या असतात, आणि देवळासमोर उभे राहिले की कृष्णेचे खोरे खाली उलगडत जाते. सांगली-मिरजेला घाटाघाटाने पाहिलेली नदी इथे हाताच्या जाडीएवढ्या धारेत दिसते. इथे अर्धा तास कोणी कोणाशी न बोलता बसले तरी चालेल.

क्षेत्रापासून पुढे आर्थर सीट पॉइंट पाच-सहा किलोमीटर आहे, आणि सकाळी नऊच्या आत तिथे पोहोचणे महत्त्वाचे. डाव्या हाताला सावित्रीची दरी सरळ खाली कोसळते, उजवीकडे ब्रह्मारण्याचा गर्द पट्टा आहे. समोरच्या कड्यांवर आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पुन्हा पुन्हा झालेल्या लाव्हाच्या उद्रेकांतून हा बेसाल्ट तयार झाला आणि एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक प्रवाह आहे. माथ्यावरचा तांबडा जांभा त्यानंतर, त्याच खडकाच्या झिजेतून झालेला. हे ठाऊक असले की कडा पाहण्याची तऱ्हा बदलते. इथे बाटलीचे झाकण दरीत टाकून ते वर उडून येते हे दाखवण्याची रूढी आहे. कोकणाकडून येणारा वारा उभ्या कातळावर आपटून वर वळतो, म्हणून हलकी वस्तू वर येते. पण सगळीच झाकणे परत येत नाहीत आणि दरीत प्लास्टिक साचते. वाळके पान टाकून पाहावे, तेही तितकेच छान उडते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे, आणि ते जपण्याची जबाबदारी मोठ्यांच्या गटांवर मुलांपेक्षा अधिक आहे.

याच संदर्भात मद्यपानाबद्दल. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी परवानगी असलेल्या मुक्कामी, रात्री, मर्यादेत घ्यावे. कड्यावर, देवळाच्या आवारात किंवा तलावाकाठी बाटल्या उघडणे बेकायदा तर आहेच, शिवाय तिथे शेजारी लहान मुले खेळत असतात आणि कठड्यापलीकडे शेकडो फुटांची दरी असते. या गावात आपण कुटुंबांच्या शेजारी पाहुणे म्हणून राहतो, हे भान सुटू देऊ नये.

दहाच्या आसपास मुक्कामी परतून निवांत नाश्ता करावा. नेमक्या त्याच वेळी गावातल्या टॅक्सी क्षेत्राकडे आणि आर्थर सीटकडे निघालेल्या दिसतील.

काय सोडून द्यावे

प्रतापगड सोडावा, असे लिहिताना जड जाते, पण दोन दिवसांच्या मुक्कामात त्याला न्याय मिळत नाही. १६५६ मध्ये बांधून झालेला आणि १० नोव्हेंबर १६५९ च्या अफझलखानाच्या प्रसंगाने इतिहासात अढळ झालेला हा किल्ला महाबळेश्वरपासून २०-२५ किलोमीटर घाट उतरून आहे, वर पायऱ्या आहेत, आणि भवानीमाता, बालेकिल्ला, बुरूज नीट पाहायचे तर अर्धा दिवस हवा. अपवाद पोलादपूरमार्गे परतणाऱ्यांचा. गड त्यांच्या वाटेवरच असल्यामुळे त्यांनी रविवारी दहाला मुक्काम सोडून तो पाहावा. तापोळ्याचेही तसेच. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी जाऊन तासभरात परतणे व्यर्थ आहे. तिथे स्वतंत्र मुक्काम करावा. वेण्णा तलावातली नाव, टेबल लँडवरचे घोडे यांना कोणी हौसेने जायचे म्हटले तर जरूर जावे, पण ‘आलोच आहोत तर’ म्हणून जाऊ नये.

खरेदी आणि परतीची वाट

सामानात गरम कपडे, तळ घट्ट पकडणारे बूट, टॉर्च, घाट लागणाऱ्यांसाठी गोळी, रोजची औषधे आणि रोख पैसे असावेत, कारण कड्यांकडच्या रस्त्यांवर मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते. हातात खाऊची पिशवी धरून पॉइंटवर उतरू नये; माकडे ती घेतात आणि चावाही घेऊ शकतात. गटाचा खर्च एकाने करावा आणि हिशेब रविवारी दुपारीच मिटवावा.

स्ट्रॉबेरी परतीच्या दिवशी, सकाळी, शक्यतो भिलार किंवा मेटगुताड परिसरात शेतावरूनच घ्यावी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फळ नोव्हेंबरअखेरीस सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. देठाच्या पानांपर्यंत लाल झालेले, वास येणारे फळ घ्यावे. देठाशी पांढरे राहिलेले फळ घरी नेऊन पिकत नाही. डबा उचलून तळ पाहावा. खाली रस लागलेला असेल तर आतली फळे दबलेली आहेत. गाडीत डबे एकाच थरात, सीटखाली सावलीत ठेवावेत आणि खाण्याच्या आधीच धुवावेत. मध घ्यायचा तर तालुक्यातल्या मांघर गावाची आठवण ठेवावी. २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आलेल्या या गावात पेट्या ठेवणाऱ्या कुटुंबांकडूनच मध मिळतो. जांभळाच्या फुलोऱ्याचा मध किंचित कडवट असतो, तो चाखूनच घ्यावा.

मुक्काम दुपारी बाराला सोडावा आणि महाबळेश्वरात जेवत बसू नये. पसरणी घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, सतत ब्रेक दाबल्याने ते तापतात. वाईत पोहोचून जेवावे, ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे आणि वेळ असल्यास जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट पाहावा. रविवारी चार वाजल्यानंतर खंबाटकी परिसर आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पुण्याकडच्या रांगा लांबत जातात, म्हणून वाईतून तीनच्या आत निघावे. ते जमले नाही तर घाईने रांगेत शिरण्यापेक्षा मेणवलीच्या घाटावरच बसून रात्रीच्या जेवणानंतर गाडी काढावी.